दोन रात्रींची परवानगी

परवानगीचं पत्र आलं तेव्हा ताईंनी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग थेट स्वयंपाकघरात जाऊन आचारी मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं. चौदा महिन्यांनी युवा केंद्रात मुलांना पुन्हा मुक्कामाला आणायला हरकत नव्हती. दोन रात्री, अठरा मुलं आणि सोबत बावीस पानांचे नियम.

"बावीस पानं?" मावशी म्हणाल्या. "एवढ्यात तर माणूस घर विकत घेतो."

नियम लिहिणाऱ्याने उभ्या आयुष्यात बारा वर्षांचं मूल जवळून पाहिलेलं नसावं. दोन खाटांमध्ये सहा फूट अंतर. एकाचं डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला शेजारच्याचे पाय. उशांची मारामारी बंद. गाणी उघड्यावरच म्हणायची, आणि तीही बेताने. मुलांचे सहा-सहाचे तीन गट करायचे. गटाने एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं आणि दुसऱ्या गटाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. हे शेवटचं नियमांत खरोखरच जवळजवळ याच शब्दांत होतं. ताईंनी सहा फुटांची दोरी कापून घेतली आणि तीन दिवस त्या खाटा सरकवत राहिल्या. मावशींनी प्रत्येक ताटाच्या मागे रंगाने नंबर घातले, त्यातले दोन सहा आले आणि नऊ आलाच नाही, त्यावरून दोघींचं अर्धा तास भांडण झालं. किती दिवसांनी कुणाशी तरी भांडायला मिळालं म्हणून ताईंना त्या दिवशी फार बरं वाटलं.

खरं सांगायचं तर हे शिबिर नुसतं मुलांसाठी नव्हतंच. ताई केंद्राच्या प्रमुख, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि खिडकी उघडली की समोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. साथ आली, केंद्राला कुलूप लागलं, आणि ताई त्या दोन खोल्यांत अडकल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी कपाटं आवरली. सहाव्या महिन्यात कुकरची शिट्टी झाली की त्या "आले, आले" म्हणायला लागल्या. दहाव्या महिन्यात तेही म्हणेनाशा झाल्या. एके दिवशी सकाळी एक मोजा हातात घेऊन त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि दुपार झाली तेव्हा तो मोजा तसाच हातात होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? फक्त त्यांना स्वतःपुरतं पक्कं कळलं होतं की आता पुन्हा एकदा दार बंद झालं, तर आपण धड बाहेर पडणार नाही. त्यानंतर त्यांनी मुख्य कार्यालयाला अकरा पत्रं लिहिली. प्रत्येक पत्रात 'मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी' असं होतं. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मुलं आली आणि अंगणात गटागटाने उभी राहिली. ताईंनी पायरीवर उभं राहून भाषण केलं. "एकाला ताप आला, तर त्याचा अख्खा गट घरी. आणि शिबिर बंद. तेव्हा एकमेकांना सांभाळा!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपण थोडक्यात पण नेमकं बोललो, असं ताईंना वाटलं.

मग मुलं जी सुटली! वर्षभर घरात कोंडलेली पोरं, धावायचं कसं हेच काही जणांचे पाय विसरले होते. गट नंबर तीनमध्ये एक बारा वर्षांची मुलगी होती. तिला तिच्या वस्तीत आणि केंद्रातही सगळे भिंगरी म्हणायचे, कारण तिला कधी कुणी एका जागी स्थिर पाहिलं नव्हतं. ती कुंपणाच्या भिंतीवर चढली, तिथून उतरवली तर झाडावर गेली, तिथून उतरवली तर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर सापडली. तिच्या गटाचा म्होरक्या लंबू. पंधरा वर्षांचा, नुसती उंची, अंगावर मांस नाही. तो दिवसभर "भिंगरी, खाली ये" एवढंच म्हणत फिरत होता. पहिली रात्र सुखरूप पार पडली. ताई कानोसा घेत जाग्याच होत्या, पण त्या जागण्याची त्यांना मौज वाटत होती. अठरा जणांच्या श्वासांचा आवाज येत होता आणि त्या एकट्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताप मोजायला रांग लागली. कपाळासमोर यंत्र धरायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पहिला गट सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. दुसरा गट तसाच. तिसऱ्या गटाचा पहिला आकडा चौऱ्याण्णव. दुसरा त्र्याण्णव. तिसरा पुन्हा चौऱ्याण्णव.

"मुलं आहेत की बर्फाच्या लाद्या?" मावशी म्हणाल्या.

ताईंनी यंत्र झटकलं, स्वतःच्या कपाळावर लावलं. सत्त्याण्णव. मावशींच्या कपाळावर लावलं, तेही ठीक. मग त्यांनी गट नंबर तीनकडे नीट पाहिलं. सहाच्या सहा जणांच्या टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, यंत्रापुढे आल्यावर तेवढ्यापुरत्या वर होणाऱ्या, अजून ऊन वर यायचं होतं तरी. आणि लंबूच्या नाकावरून पाण्याचा एक ओघळ हळूहळू खाली येत होता. ताईंनी हात पुढे करून त्याची टोपी काढली. आत चौघडी केलेला ओलाचिंब रुमाल. मग दुसऱ्याची काढली, तिसऱ्याची काढली. सहा टोप्या, सहा ओले रुमाल.

"ताप कुणाला आहे?" ताईंनी विचारलं.

पाच जण आपापल्या बुटांकडे बघायला लागले. भिंगरी मात्र एका जागी गप्प उभी होती. तेवढ्यावरूनच ताईंना कळलं.

"सहाही जणांनी का रे?"

"एकटीचाच आकडा कमी आला असता तर तुम्हाला कळलं असतं," लंबू म्हणाला. मग अगदी खालच्या आवाजात, "तुम्हीच म्हणालात ना, एकमेकांना सांभाळा."

 दहा मिनिटं कपाळ कोरडं ठेवून ताईंनी भिंगरीचा ताप तीनदा मोजला. दर वेळी यंत्र काहीतरी वेगळं दाखवील अशी त्यांना आशा होती. तिन्ही वेळा एकशे एकच्या वर आला.

केंद्रात एक खोली 'वेगळी' म्हणून राखलेली होती. पूर्वी तिथे चेंडू आणि जाळ्या ठेवायचे. आता एक खाट, एक खुर्ची, मागे न्हाणीघर आणि फाटकाकडे उघडणारी एक खिडकी. भिंगरीला तिथे निजवलं आणि ताई दाराबाहेर, नियमाप्रमाणे अंतर ठेवून, तोंड झाकून उभ्या राहिल्या.

"ताई, बाबांना नका ना बोलावू."

"अगं, त्यांना नाही तर कुणाला बोलावू?"

"ते आले तर मला घरी नेतील."

"मग नेऊ देत की. आपल्या घरी पडून राहशील, आराम होईल."

"आजोबा आहेत घरी," भिंगरी म्हणाली. "त्यांना मशीनवर श्वास घ्यावा लागतो. आमची एकच खोली आहे. त्यांच्या खाटेखाली माझं अंथरूण असतं. मला झालं तर त्यांना होणारच. आणि त्यांना झालं तर..." ती भिंतीकडे तोंड करून पडली.

ताईंनी ऑफिसात येऊन तिचा अर्ज काढला. 'घरात साठ वर्षांवरील किंवा आजारी व्यक्ती आहे का?' त्यापुढे बापाच्या अक्षरात 'नाही' लिहिलेलं.

मावशी दाराशी आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "ताई, पोट बिघडलंय म्हणा."

"मावशी!"

"नाहीतर काय? उद्या सकाळी सगळी घरी जाणारच आहेत. पोरीला तिकडे ठेवू, मी काढा-बिढा देते. एक दिवस ढकलायचा प्रश्न आहे. आज तुम्ही कळवलंत तर कुलूप लागेल, आणि या वेळचं कुलूप कधी निघेल ते देवालाच ठाऊक. मग तुम्ही काय करणार आहात? आणि मी?"

मावशींचं काही चुकत नव्हतं. ताईंना हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या आल्या, खिडकीसमोरची भिंत आली, आणि त्यांनी टेबलाची कड धरली. मग त्या खुर्चीवर बसल्या, वही पुढे ओढली आणि भिंगरीच्या नावापुढे अठ्ठ्याण्णव लिहिलं. शेजारी 'पोटदुखी' लिहिलं. मावशी सुटकेचा श्वास टाकून गेल्या.

अर्ज परत फाईलला लावताना ताईंची नजर सहज खालच्या अर्जावर गेली. तिथेही 'नाही'. त्याखालच्यावरही 'नाही'. त्यांनी एकेक करत सगळे अर्ज उलटले. अठराच्या अठरा जणांनी 'नाही' लिहिलं होतं. अठरा घरांत मिळून एकही म्हातारं माणूस नाही, एकालाही दमा नाही, एकाचंही हृदय अधू नाही. लंबूची आजी तर गेल्या वर्षापर्यंत त्याला फाटकापर्यंत सोडायला यायची, ताईंना ती चांगली आठवत होती. आणि हे अठराही अर्ज आठ दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः तपासले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांच्याच हातची बरोबरची खूण होती.

आईबापांना मुलं बाहेर पाठवायची होती, ताईंना ती हवी होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आणि मुलं तरी वेगळं काय शिकणार होती?

बाहेर पायरीवर गट नंबर तीनमधली उरलेली पाच जणं ओळीने बसली होती. धावत नव्हती, बोलत नव्हती. उद्या सकाळी ही पाच जणं पाच घरी जातील, आणि त्या घरांत कोण कोण आहे ते या फाईलीत कुठेच नाही. ताईंनी वहीतला अठ्ठ्याण्णव खोडला, 'पोटदुखी' खोडलं, खरा आकडा लिहिला, खाली सही केली आणि फोन उचलला. रडू येत होतं, पण आधी फोन लागला.

"मी म्हटलंच होतं," मुख्य कार्यालयातले साहेब म्हणाले. ते असं कधीच म्हणाले नव्हते. "शिबिर ताबडतोब बंद. पुढचा आदेश येईपर्यंत केंद्रही बंद. आजारी मुलीला पालकाने चार तासांत ताब्यात घ्यायचं. घेतलं नाही तर गाडी येईल, क्रीडासंकुलात नेतील."

"तिथे तीनशे खाटा आहेत साहेब, सगळी मोठी माणसं. ती बारा वर्षांची आहे."

"बावीस पानं आहेत ताई. मी लिहिलेली नाहीत."

एकोणिसाव्या पानावर आणखी एक वाट होती, ती साहेबांना आठवली नाही. केंद्रातला कुणी कर्मचारी आजारी मुलाबरोबर त्याच खोलीत, दार बंद ठेवून, पूर्ण दहा दिवस राहायला तयार असेल, तर मुलाला तिथेच ठेवता येतं. ताईंना बावीसही पानं पाठ होती. त्यांनी साहेबांना आठवण करून दिली नाही.

दुपारपर्यंत पालक येऊन मुलांना घेऊन गेले. प्रत्येकाला ताईंनी तेच सांगितलं, घरात कुणी वयस्क असेल तर मुलाला वेगळं ठेवा. प्रत्येकाने मान हलवली, आणि त्या मान हलवण्यातच कळत होतं की घरी कुणीतरी आहे. एक आई तर जाताना म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवलं होतं." ताईंनी ऐकून घेतलं. लंबू सगळ्यात शेवटी गेला.

"ताई, आमचं चुकलं का?"

"माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "जा. आजीपासून लांब झोप."

मावशींनाही त्यांनी घरी पाठवलं. भिंगरीचे बाबा आले तेव्हा चार तासांतला अर्धा तास उरला होता. बसचे ड्रायव्हर, अंगात गणवेश, हातात कपड्यांची पिशवी. फाटकाबाहेर आखलेल्या पांढऱ्या रेषेवर ते थांबले आणि तिथून पुढे आलेच नाहीत.

"कशी आहे?"

"ताप आहे. श्वास व्यवस्थित आहे, डॉक्टरांशी बोलले मी फोनवर. काळजीचं नाही म्हणाले. तुम्ही तिला..."

"ताई, मी अर्जात खोटं लिहिलं."

"ठाऊक आहे."

"वर्षभर ती त्या खाटेखाली झोपते. खोलीतल्या खोलीत गोल फिरत असते. मला वाटलं, दोन दिवस तरी धावेल." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी तिला नेऊ शकत नाही. माझा बाप मशीनवर आहे. तिला नेलं तर मी त्याला मारतो. आणि नाही नेलं तर मी तिचा कोण, हे तुम्हीच सांगा."

 ताईंना राग यायला हवा होता, आला नाही. त्यांनी क्रीडासंकुलाचं सांगितलं, गाडीचं सांगितलं. बाबा ऐकता ऐकता रस्त्यावरच खाली बसले, गणवेशासकट, धुळीत. त्यांनी हात जोडले नाहीत, गयावया केली नाही, काही मागितलंच नाही. मागितलं असतं तर ताईंना नाही म्हणता आलं असतं.

"मी राहते तिच्याजवळ," ताई म्हणाल्या. "तसा नियम आहे. दहा दिवस."

 दहा दिवस, बारा फूट बाय दहा फूट, बंद दार. ज्याच्यातून सुटायला अकरा पत्रं लिहिली, त्याहून लहान खोलीत त्या आपल्या पायांनी चालत जाणार होत्या, आणि त्यानंतरही बाहेर काय असणार? कुलूप लागलेलं केंद्र आणि त्या दोन खोल्या. त्यांना एवढी भीती वाटली की क्षणभर त्यांनी फाटकाचा गज घट्ट धरून ठेवला. पण शब्द तोंडातून गेला होता. बाबांनी मान वर करून पाहिलं. त्या नजरेपुढे तो मागे घेणं शक्य नव्हतं.

ताईंनी संमतीचा कागद आणून रेषेवर ठेवला, बाबांनी सही केली. पिशवी रेषेवर ठेवून ते मागे सरले, मग ताईंनी ती उचलली. जाताना बाबा म्हणाले, "एकदा दिसेल का? खिडकीतून? लांबूनच बघतो."

ताईंनी तिथूनच हाक मारली. "भिंगरी! बाबा आलेत गं. खिडकीत ये बघू."

खिडकीत कुणी आलं नाही. ताईंनी आणखी दोनदा हाक मारली. बाबा टाचा उंचावून बघत राहिले, बराच वेळ.

"झोपली असेल," ताई म्हणाल्या.

"हो. तापात झोप लागते," बाबा म्हणाले, आणि गेले.

ताईंनी साहेबांना फोन करून एकोणिसावं पान वाचून दाखवलं. गाडी रद्द झाली. मग त्यांनी पाण्याच्या बाटल्या, औषधं आणि एक जास्तीची गादी उचलली आणि वेगळ्या खोलीकडे निघाल्या. पोरीला काय सांगायचं ते त्या वाटेत जुळवत होत्या. बाबांना कामावरून सुटी मिळाली नाही म्हणावं. उद्या येतील म्हणावं. बापाने नेलं नाही हे बारा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार?

खोलीत खाट रिकामी होती. भिंगरी खिडकीखाली जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. टक्क जागी.

"अगं, जागी आहेस? मग हाक ऐकू नाही आली? बाबा केवढा वेळ उभे होते तुला बघायला!"

"गेले का ते?"

"गेले."

"नक्की गेले?"

"हो गं. पण तू खिडकीत का नाही आलीस?"

"त्यांनी मला बघितलं असतं," भिंगरी म्हणाली, "तर नेलंच असतं."

आणि मग ती रडायला लागली, मोठ्याने, अगदी लहान मुलासारखी. ताईंनी हातातलं सगळं खाली ठेवलं, दार आतून लावून घेतलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.